पन्नास मीटरच्या आत

एकाच संस्थेतल्या दोन माणसांची टेबलं एकमेकांपासून किती लांब गेली, की ती एकमेकांशी कामाचं बोलायची थांबतात? प्रश्न पोरकट वाटतो. पण अमेरिकेतल्या एमआयटीमधले प्राध्यापक थॉमस ॲलन यांनी तो वर्षानुवर्षं धरून ठेवला. संशोधन करणाऱ्या संस्थांतल्या शास्त्रज्ञांना आणि इंजिनिअरांना ते विचारत राहिले, की कामाबद्दल तुम्ही कोणाकोणाशी बोलता? मग त्या उत्तरांशेजारी त्यांनी टेबलांमधली अंतरं मांडली. १९७७ साली त्यांचं पुस्तक आलं आणि त्यातली एक वक्ररेषा जगभर गाजली. शेजारच्या टेबलापासून निघालेली ती रेषा पहिल्या काही मीटरांतच झपकन खाली येते आणि पन्नास मीटरच्या आसपास जवळजवळ जमिनीला टेकते. त्यापुढे तुमचा सहकारी त्याच इमारतीत बसतो की पलीकडच्या, याने फारसं काही बिघडत नाही. बोलणं होतच नाही.

त्याहून चकित करणारी गोष्ट पुढे आहे. फोन घरोघरी गेले, ई-मेल आली, तरी ही रेषा सपाट झाली नाही. गुंटर हेन या वास्तुरचनाकाराबरोबर लिहिलेल्या २००७ सालच्या पुस्तकात ॲलन दाखवतात, की ज्याच्याशी रोज समोरासमोर गाठ पडते त्यालाच माणूस फोनही अधिक करतो. म्हणजे दूरच्याला जवळ आणणारी यंत्रंसुद्धा आपण आधीच जवळ असलेल्यांसाठीच वापरतो.

ही रेषा डोळ्यांपुढे ठेवून ढाणकीकडे बघा. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. पैनगंगा अभयारण्याच्या आसपासची जी खेडी ‘बंदी भाग’ म्हणून ओळखली जातात, तिथल्या माणसांना या बाजूचा बाजार जवळचा. आता इथे नगरपंचायत आहे. अशा कुठल्याही बाजारगावात काय काय असतं ते मनातल्या मनात मोजा. ट्रॉलीचा तुटलेला हूक पाच मिनिटांत जोडून देणारा वेल्डर. जळालेली मोटर पुन्हा भरून देणारा वाइंडर. मोबाइलच्या पाटीवरचा केसाएवढा तांब्याचा धागा डागणारा पोरगा. ब्लाउजचं माप नुसत्या नजरेने घेणारी शिवणकाम करणारी बाई. बियाणं आणि औषधं विकणारा कृषी केंद्रवाला. गावातलं कोणतं पोर अशक्त आहे हे तोंडपाठ असलेली आशाताई. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेली, गणित आणि इंग्रजी पक्कं झालेली मुलं-मुली. आणि पऱ्हाटीत, हळदीत, सोयाबीनमध्ये उभा जन्म घालवलेला शेतकरी, ज्याला कुठे काय अडतं ते कोणाहीपेक्षा जास्त कळतं.

नवी वस्तू घडवायला लागणारं जवळजवळ सगळं ज्ञान या एका गावात हजर आहे. फक्त ते विखुरलंय. वेल्डर बसस्टँडकडे, अभ्यासिका कुठल्याशा गल्लीत वरच्या मजल्यावर, शिवणयंत्र घरात, शेतकरी धुऱ्यावर. गाव चालत ओलांडायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात, पण ॲलन यांच्या रेषेवर ही सगळी माणसं एकमेकांना परगावचीच.

समाईक कामाची जागा हवी ती या अंतरासाठी. शहरांत त्याला को-वर्किंग म्हणतात. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरने एकट्यादुकट्याने काम करणाऱ्यांसाठी अशी जागा उघडली आणि तिथून ही चाल जगभर गेली. त्या जागा लॅपटॉपवाल्यांच्या. वातानुकूलित, काचेच्या, कॉफीच्या यंत्राशेजारी रंगीत खुर्च्या मांडलेल्या. तीच नक्कल ढाणकीत आणली तर महिनाभर फोटो काढले जातील आणि मग कुलूप लागेल. इथल्या जागेला तेलाचा आणि लोखंडाचाही वास हवा.

खरं तर अशी जागा आपल्याकडे होती. लोहाराच्या भात्यापाशी फाळ शेवटून घ्यायला आलेले चारजण ताटकळत बसत आणि तेवढ्या वेळात डवऱ्याची पास किती रुंद असावी, कोणत्या मातीत तिफण कशी चालते, यावर बोलणं होई. वापरणारा आणि घडवणारा समोरासमोर असत. सुधारणा तिथल्या तिथे लोखंडात उतरे. म्हणून तर दर काही कोसांवर अवजाराचा आकार थोडा बदललेला दिसायचा. कारखान्याचं तयार अवजार दुकानात आलं आणि हे बोलणं तुटलं.

ते पुन्हा जोडायचा एक मोठा प्रयत्न विदर्भातच झाला. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञाने तेलघाण्यापासून हातकागदापर्यंत प्रत्येक खेड्याच्या यंत्राकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलं. त्याआधी, १९२९ साली, चांगला चरखा घडवणाऱ्याला एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. त्या काळातले एक लाख! खेड्यातल्या यंत्रासाठी इतकी मोठी स्पर्धा लावावी असं कोणाला वाटलं, हीच गोष्ट मला आजही थक्क करते.

पण सगळ्यात जवळचं, आजही जाऊन पाहता येणारं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या पाबळचं.

डॉ. श्रीनाथ कलबाग अन्नतंत्रज्ञ होते. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेट, मग म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्नसंशोधन संस्था, मग हिंदुस्थान लीव्हरचं संशोधन केंद्र. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि पत्नी मीरा कलबाग यांच्यासह १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळ या कोरडवाहू, दुष्काळी गावात विज्ञान आश्रम उभा केला. त्यांची कल्पना वरवर साधी होती. शाळा सुटलेल्या, नापास झालेल्या मुलांना एका जागी ठेवायचं आणि वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, जनावरं, अन्नप्रक्रिया, आरोग्य हे सगळं हातांनी करायला लावायचं. एकच कसब नव्हे, सगळी. आणि सराव म्हणून खोटं काम द्यायचं नाही. गावकऱ्याला हवी असलेली वस्तू बनवायची, गावकऱ्याने तिचे पैसे द्यायचे. विहीर कुठे खणावी हे सांगण्यासाठी तिथली मुलं जमिनीची विद्युतरोधकता मोजायला शिकली. लोखंडी अँगलच्या त्रिकोणांचे घुमट उभारून त्यांवर फेरोसिमेंटचा थर देत ती राहायच्या इमारतीही बांधू लागली.

मग २००२ साली या गावात एक विलक्षण गोष्ट घडली. एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड तेव्हा ‘फॅब लॅब’ची कल्पना मांडत होते. संगणकावर काढलेलं चित्र थेट वस्तूत उतरवणारी मोजकी यंत्रं एका खोलीत ठेवायची आणि ती खोली सामान्य माणसाला उघडी करायची. एमआयटीबाहेर अशा ज्या अगदी पहिल्या खोल्या उघडल्या, त्यांत पाबळ होतं. बॉस्टन किंवा बंगळूरच्या एखाद्या संस्थेबरोबर नाव घ्यावं अशा यादीत शिरूर तालुक्यातलं एक कोरडवाहू गाव! डिझेल इंजिन नीट लावण्यासाठी लागणारं मोजमाप, दुधाची प्रत तपासणारा सेन्सर, असे प्रश्न पाबळच्या मातीतून त्या यंत्रांपुढे गेले. त्याच सुमारास नॉर्वेच्या उत्तर टोकाला, लिंगेनच्या डोंगरांत, मेंढपाळांनी हीच यंत्रं वापरून भटकणाऱ्या मेंढ्यांचा माग ठेवणारं उपकरण घडवायला घेतलं. कलबाग यांचं २००३ साली निधन झालं. आज फॅब लॅब शंभराहून अधिक देशांत आहेत.

त्या खोलीतल्या यंत्रांची जादू थोडक्यात सांगतो. लेझर कटरमधून निघणारा किरण डोळ्यांना दिसतच नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे अवरक्त उष्णता. पण तो पातळ प्लायवुडमधून असा जातो, की कापलेल्या दातेरी चाकाचे दात करवतीने कधी जमणार नाहीत इतके सारखे निघतात. थ्रीडी प्रिंटर मक्यासारख्या पिकाच्या स्टार्चपासून बनलेला प्लॅस्टिकचा धागा दोनशे अंशांच्या आसपास वितळवतो आणि मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा थर एकावर एक चढवत जातो. मोडलेल्या स्प्रेपंपाचा, बाजारात न मिळणारा एक खटका, एका दुपारी हातात येतो. एक गोष्ट मात्र ढाणकीकरांनी लक्षात ठेवावी. हा धागा साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि मे महिन्यात उन्हात बंद उभ्या गाडीतलं तापमान तिथवर जातं. यंत्र कुठूनही आणता येतं, पण ते कोणत्या हवेत चालणार हे त्या जागेनेच ठरवायचं असतं.

म्हणून आता जागेबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे.

पहिलं म्हणजे नवी इमारत बांधू नये. एमआयटीत १९४३ साली युद्धाच्या घाईत रडारच्या संशोधनासाठी ‘बिल्डिंग २०’ नावाची तीन मजली लाकडी इमारत उभी केली. युद्ध संपलं की पाडायची होती. ती १९९८ पर्यंत टिकली. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत गारठा, भिंती पातळ, पण तिथे नोम चॉम्स्की भाषाशास्त्र करत होते आणि ध्वनीवरचं संशोधनही होत होतं. जेरॉल्ड झकारायस यांना अणुघड्याळासाठी उंच यंत्र उभारायचं होतं, तेव्हा त्यांनी वरच्या मजल्यांची जमीनच काढून टाकली. इमारत इतकी साधी होती, की तिला भोक पाडताना कोणाचा जीव तुटत नसे. चकचकीत फरशी आणि पीओपीचं छत असलेल्या खोलीत कोणी ग्राइंडर चालवत नाही, कारण ठिणग्यांचे डाग पडतात. ढाणकीत एखादं रिकामं गोदाम, बंद पडलेली शेड किंवा जुनी शाळाखोली मिळाली तर ती सोन्याची.

दुसरं, आवाज. शेजार हवा आणि शांतताही हवी, हा या जागेचा सगळ्यात अवघड पेच आहे. ग्राइंडरचा आवाज शंभर डेसिबलच्या घरात, साधं बोलणं साठच्या. अभ्यास करणारी मुलगी त्याच खोलीत बसूच शकत नाही. पण दोन्ही बाजूंना प्लास्टर असलेली नऊ इंची विटांची भिंत पंचेचाळीस-पन्नास डेसिबल आवाज सहज गिळते, अट एवढीच की दाराच्या फटी नीट बुजवलेल्या हव्यात, कारण आवाज फटीतूनच येतो. मग त्या भिंतीत एक मोठी, न उघडणारी, जाड दुहेरी काचेची खिडकी ठेवायची. इकडून अभ्यासिका, तिकडून कार्यशाळा. दिसावं, ऐकू येऊ नये. रोज काचेपलीकडे कोणीतरी हळदीच्या पॉलिश ड्रमचं बेअरिंग बदलताना दिसतं आणि महिनाभराने ती मुलगी विचारते, हा ड्रम एका मिनिटात किती फेरे घेतो? एवढा प्रश्न आला की जागेने आपलं काम केलं.

तिसरं, दार. ट्रॅक्टरची ट्रॉली आत येईल एवढं शटर, रस्त्याच्या बाजूला. आणि त्याबाहेर सावलीतला ओटा, पाण्याचा नळ, शेजारी चहाची टपरी किंवा पानठेला. हा ओटा मला आतल्या सगळ्या यंत्रांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. ज्याला आत काही काम नाही, ज्याला आत जायचा संकोच वाटतो, जो फक्त बाजाराला आलाय, त्याला बसायला तिथे जागा असते. रे ओल्डेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने १९८९ साली घर आणि काम यांच्यापलीकडच्या ‘तिसऱ्या जागे’बद्दल लिहिलं. आपल्या गावांत ती जागा झाडाखालचा पार होता. फक्त पारावर बायका बसत नसत. या ओट्यावर त्या बसल्या पाहिजेत, नाहीतर गावातलं अर्धं कसब बाहेरच राहील. त्यासाठी स्वच्छ स्वच्छतागृह, दिवेलागणीनंतर भरपूर उजेड आणि शिवणयंत्रं कोपऱ्यात नव्हे तर मधोमध. बचत गटाच्या बैठकीचा वार ठरलेला असावा, म्हणजे पहिल्यांदा येणारी एकटी येत नाही.

उन्हाबद्दल फार लिहीत नाही. पश्चिमेची भिंत जाड, छतावर दर उन्हाळ्यात पांढरा चुना, लॉरी बेकर यांनी केरळात वापरली तशी विटांची जाळी आणि रात्री उघड्या ठेवता येतील अशा उंचावरच्या झरोक्यांतून वारा. एक किलोवॅटचं सौर पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतं. दिवे, पंखे, संगणक त्यावर चालतील; वेल्डिंगला मात्र महावितरणची लाइनच हवी.

अशा जागेत काय घडू शकतं? माझ्या मनात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती. फवारा खाली न पडता तोंडावर येत होता. मास्क, चष्मा, हातमोजे, प्लॅस्टिकचा एप्रन हे संरक्षण कागदावर होतं. पण ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उकाड्यात, पाठीवर पंप घेऊन, गुडघाभर चिखलात तो एप्रन घालून बघावा, म्हणजे मजूर तो का काढून ठेवतो ते कळतं.

हा प्रश्न औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत सुटणार नाही, कारण तिथे उकाडा नाही. ढाणकीत सुटू शकतो. उकाड्यात अंगावर काय टिकतं हे फवारणाऱ्या मजुराला माहीत आहे. कोणतं कापड पाणी धरत नाही आणि तरी वारा घेतं, शिलाई कुठे दिली तर पाठीवरच्या पट्ट्याने रगडत नाही, हे शिवणाऱ्या बाईला कळतं. नळी पुढे न धरता पाठीमागे बसवली, म्हणजे माणूस चालत पुढे जाईल आणि फवारा मागे पडेल, अशी दांडी वेल्डर वाकवून देईल. थेंब जितका बारीक तितका तो हवेत जास्त वेळ तरंगतो, म्हणून कोणता नोझल घ्यावा हे कृषी केंद्रवाला सांगेल. पहिली लक्षणं कोणती आणि कितव्या मिनिटाला गाडी बोलवायची, हे आशाताई भिंतीवर लिहील. आणि अभ्यासिकेतली मुलं प्रयोग मांडतील. औषध नको, बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवायची, पांढरा सदरा घालून शेतातून एक फेरी मारायची आणि सदऱ्यावर निळे डाग कुठे, किती पडले ते चौकटी आखून मोजायचं. मग दांडी बदलायची आणि पुन्हा नवा सदरा. हे संशोधनच आहे, आणि त्याला लागणारा खर्च म्हणजे काही जुने सदरे.

यातला मोजणं आणि लिहून ठेवणं हा भाग आपल्याकडे कच्चा राहतो आणि त्याची किंमत विदर्भाने मोजलीय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले, दीड एकराचे शेतकरी. १९८३ साली आपल्या धानाच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, जपल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले. त्यातून आलेल्या तांदळाला व्यापाऱ्यांनी तेव्हाच्या प्रसिद्ध घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. वाण विदर्भातून कितीतरी राज्यांत गेला. १९९८ साली कृषी विद्यापीठाने त्याच बियाण्यावरून पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित केला. शेतकऱ्यांच्या वाणाला हक्क देणारा कायदा आला २००१ साली. दादाजींचा सन्मान झाला, पुरस्कार मिळाले, पण ३ जून २०१८ रोजी ते गेले ते हलाखीतच. म्हणून या जागेत एक टेबल फक्त वहीचं असावं. कोणी काय करून पाहिलं, कोणत्या तारखेला, फोटो, मापं, नाव. सेतू केंद्रात अर्ज भरून देणारा हात इथेही बसला पाहिजे.

जागा चालवायची कोणी? गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाकडून एक गोष्ट घ्यावी. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या त्या गावात निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी आणि अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचं, ठराव करायचा नाही. कामाच्या जागेतही आठवड्याची एक संध्याकाळ अशी हवी, जिथे अर्धवट, फसलेली, मोडकी वस्तू मांडता येईल आणि कोणी मतदान मागणार नाही. नियम मात्र वापरणाऱ्यांनी स्वतः ठरवलेले हवेत. वेल्डिंग यंत्राचा तासाचा दर, हत्यार परत ठेवायची वेळ, मोडलं तर कोणी भरायचं. समाईक गोष्टी टिकतात त्या अशाच, हे एलिनोर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची जंगलं आणि पाटबंधारे अभ्यासून दाखवलं आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पैशाचं म्हणाल तर अभ्यासिकेच्या खुर्च्यांचं मासिक शुल्क, कार्यशाळेचं तासाचं भाडं आणि पाबळप्रमाणे गावासाठी केलेल्या कामाची मजुरी, या तिन्हींवर रोजचा खर्च निघायला हवा. अनुदान यंत्र घ्यायला वापरावं. विजेचं बिल अनुदानावर ठेवलं, की अनुदान थांबेल त्या महिन्यात दार बंद होतं.

ढाणकीच्या किंवा तुमच्या कुठल्याही गावच्या वाचकाला माझी विनंती आहे. आधी यंत्रांची यादी करू नका. एक वेल्डर, एक शिवणारी बाई, एक शेतकरी आणि अभ्यासिकेतला एक मुलगा किंवा मुलगी, अशा चौघांनी मिळून एकदा पाबळला जाऊन या. परत आल्यावर नगरपंचायतीकडे रस्त्यालगतची एक रिकामी खोली मागा. फवारणीचा हंगाम जुलैत सुरू होतो. त्याआधी पांढरे सदरे गोळा करायला लागा.